भाग २७ : जुन्या सिंगल-सीटर गाड्या आणि आपला हायवे

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत, सगळे निघाले नाहीत.

साताऱ्याच्या वाढे फाट्यावरून किंवा कराडच्या कोल्हापूर नाक्यावरून जो हायवे जातो, त्याला आपण अजूनही "पुणे-बंगळूर हायवे" म्हणतो. कागदावर तो राष्ट्रीय महामार्ग ४८. दिल्लीतून निघतो, जयपूर, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट चेन्नईला जातो. चेन्नईच्या अलीकडे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टाई नावाचं गाव लागतं. तिथे या हायवेला लागूनच मद्रासचा रेसिंग ट्रॅक आहे. म्हणजे साताऱ्यातून निघालेला माणूस एकदाही हायवे न बदलता देशातल्या सगळ्यात महत्त्वाच्या रेस ट्रॅकच्या दारात पोहोचतो. सांगलीकरांना आधी पेठ नाक्यापर्यंत यावं लागेल, एवढाच फरक.

हे सांगायचं कारण असं की आज ज्या शर्यतींबद्दल बोलायचंय, त्या आपल्याकडे फारशा कुणाला माहीत नाहीत. भारतात एक राष्ट्रीय शर्यत-मालिका आहे, जी वर्षानुवर्षं जुन्या सिंगल-सीटर गाड्यांवर चालते. सिंगल-सीटर म्हणजे एकच माणूस बसेल अशी, चाकं उघडी असलेली, फॉर्म्युला वनसारखी दिसणारी गाडी. फॉर्म्युला वन आपल्याकडे आलं आणि गेलं. ही मालिका मात्र टिकली. का टिकली, आणि ती कोइमतूरला का जन्मली, सांगली-कोल्हापूरला का नाही, या दोन प्रश्नांची ही गोष्ट आहे.

आधी "फॉर्म्युला" या शब्दाचं बघू, कारण तो ऐकला की लोकांना गणित आठवतं. रेसिंगमध्ये फॉर्म्युला म्हणजे नियमांचा संच. इंजिन केवढं, वजन किती, टायर कुठले, हे आधी ठरवायचं आणि त्यात बसणाऱ्या गाड्याच मैदानात घ्यायच्या. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण बैलगाडा शर्यतीत हेच चालतं. आदतचं मैदान वेगळं, दुश्शाचं वेगळं, ओपन वेगळं. दात बघून बैलाची वर्गवारी होते. आदत बैल ओपनच्या मैदानात पळवायला कुणाची ना नाही, पण आदतच्या मैदानात जुना, तयार बैल कुणी घुसवला तर भांडण ठरलेलं. फॉर्म्युला म्हणजे हेच. दाताऐवजी सिलिंडर मोजायचे.

काही फॉर्म्युल्यांमध्ये याच्याही पुढे जातात. सगळ्यांना एकच गाडी, एकच इंजिन, एकच टायर. मग उरतो फक्त चालक. अशा शर्यतीत बापाच्या पैशाने वेग विकत घेता येत नाही, निदान फार घेता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास.

भारतातल्या मोटार शर्यती सुरुवातीला विमानांच्या धावपट्ट्यांवर झाल्या. मुंबईत जुहूला, कलकत्त्याजवळ बराकपूरला आणि मद्रासजवळ शोलावरमला. शोलावरमची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. १९५०च्या दशकात मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे शर्यती सुरू केल्या आणि पुढची तीसेक वर्षं शोलावरम हेच भारतीय रेसिंगचं पंढरपूर होतं. पेंढ्यांच्या भाऱ्यांमागे लोक उभे, ना धड कुंपण, ना धड सुरक्षाव्यवस्था.

त्या मैदानात सिंगल-सीटर गाड्या यायच्या, पण कुणाच्या? ज्यांच्याकडे परदेशातून गाडी आणायची ऐपत होती त्यांच्या. गोंडलच्या राजघराण्याची गाडी. विजय मल्ल्यांची एन्साइन, जी युरोपात फॉर्म्युला वनमध्ये वापरून झालेली होती. युरोपात हंगाम संपला की रेसिंग गाडीची किंमत कोसळते, कारण पुढच्या वर्षी ती मागे पडणार असते. तिथे जुनी झालेली गाडी इथे आणली की राजा. आयातीची परवानगी, कस्टम, परकीय चलन, या सगळ्यातून पार पडणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे काय पळवायचे? फियाट, ॲम्बॅसिडर, हेराल्ड, त्यावर स्वतः केलेली खटपट, आणि घरी बांधलेल्या काही स्पेशल गाड्या.

म्हणजे बघा, एकाच धावपट्टीवर एका बाजूला माजी फॉर्म्युला वन गाडी आणि दुसऱ्या बाजूला डोकं लढवून हलकी केलेली फियाट. बघायला मजा येत असणार यात शंका नाही. पण यातून चालक तयार होत नाहीत. पहिला कोण येणार हे शर्यतीआधीच माहीत असेल तर ती मिरवणूक झाली. आणि परदेशी गाडीचा एखादा भाग मोडला तर तो येईपर्यंत हंगाम संपलेला. जुनी गाडी ही तेव्हा अडचण होती, कारण ती दुसऱ्याच्या देशातली जुनी होती. तिचे सुटे भाग ब्रिटनमध्ये, तिला ओळखणारा मिस्त्री ब्रिटनमध्ये.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली.

मारुतीने देशाचं काय काय बदललं यावर लोकांनी खूप लिहिलंय. रेसिंगचं बदललं ते कमी लिहिलं गेलंय. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास. रेसिंगच्या दृष्टीने हे इंजिन म्हणजे चेष्टाच. पण ते हलकं होतं, भरवशाचं होतं, आणि काही वर्षांतच देशातल्या प्रत्येक गावात त्याचे भाग मिळायला लागले.

हे कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी हेरलं. गिरणीमालकाच्या घराण्यातला माणूस, स्वतः शर्यती लावणारा, आणि मुख्य म्हणजे स्वतः गाड्या बांधणारा. त्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८००च्या इंजिनावर चालणारी सिंगल-सीटर बांधली. फॉर्म्युला मारुती या नावाने ती लोकांना माहीत झाली. कल्पना अगदी सरळ आहे. मारुतीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र पुढे असतात आणि पुढची चाकं ओढतात. तेच गाठोडं उचलून चालकाच्या पाठीमागे ठेवायचं, की मागची चाकं ढकलायला लागतात. भोवती पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर फायबरची कातडी. झाली रेसिंग गाडी. अर्थात "झाली" म्हणायला माझं काय जातंय. सस्पेन्शनची भूमिती, वजनाची वाटणी, स्टिअरिंग, हे सगळं नव्याने बसवायचं होतं, तेही आयातीचा एक बोल्ट न वापरता परवडेल असं. आणि एक नाही, एकसारख्या पुष्कळ गाड्या बांधायच्या होत्या. एक बांधणं ही हौस. एकसारख्या वीस बांधणं हा उद्योग, आणि त्यातूनच मालिका उभी राहते.

माझ्या मते भारतीय रेसिंगच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना आहे. बुद्ध सर्किटपेक्षा मोठी. कारण इथून पुढे पहिल्यांदा भारतीय चालक एकमेकांशी बरोबरीने भांडायला लागले. चाळीस-पन्नास घोड्यांची गाडी सरळ रस्त्यावर कुणाला मागे टाकू शकत नाही. मग वेग राखायचा कसा? वळणावर ब्रेक कमी मारून, पुढच्याच्या पाठीला चिकटून, त्याने फोडलेल्या हवेच्या पोकळीत शिरून. एकदा वेग गेला की तो परत मिळवायला इंजिनात दम नाही, त्यामुळे प्रत्येक चूक महाग. कमी ताकदीची गाडी चालकाला जे शिकवते ते जास्त ताकदीची शिकवत नाही. ज्यांनी लूना दामटवत पाचवडचा चढ पार केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मद्रास क्लबचा श्रीपेरुंबुदूरजवळचा नवा ट्रॅक १९९०च्या सुमारास सुरू झाला, शोलावरम बंद पडलं. याच नव्या ट्रॅकवर फॉर्म्युला मारुतीमध्ये कोइमतूरचा एक पोरगा उतरला आणि पहिल्याच शर्यतीत पहिल्या तिघांत आला. नारायण कार्तिकेयन. वडील स्वतः नावाजलेले रॅलीपटू, त्यामुळे घरात पेट्रोलचा वास आधीपासून होताच. २००५ मध्ये तो जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या शर्यतीत टायरच्या गोंधळामुळे फक्त सहा गाड्या धावल्या आणि त्यात तो चौथा आला, पाच गुण मिळाले. लोक यावर हसतात. हसू दे. त्या सहांत असायला आधी वीसांत असावं लागतं. करुण चंढोकही फॉर्म्युला मारुतीतूनच वर गेला आणि २०१० मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला. आपले दोन्ही फॉर्म्युला वन चालक मारुती ८००च्या इंजिनावर शिकले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नाही.

करिवर्धन यांना हे बघायला मिळालं नाही. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. २००३ मध्ये कोइमतूरबाहेर चेट्टिपाळयम इथे सुमारे २.१ किलोमीटरचा ट्रॅक सुरू झाला, त्याला त्यांचं नाव दिलं: करी मोटर स्पीडवे. बांधला तो बी. विजयकुमार यांनी. त्यांची कंपनी एलजीबी, म्हणजे रोलॉन चेनवाले. तुमच्या मोटारसायकलची चेन कधी बदलली असेल तर हे नाव तुम्ही पाकिटावर वाचलं असणार. चेन बनवणाऱ्या कंपनीने पुढे स्वतःच्या रेसिंग गाड्याही बांधल्या आणि त्यातून फॉर्म्युला एलजीबी आली. आज जी एलजीबी फॉर्म्युला फोर म्हणून ओळखली जाते, तिच्यात मारुती स्विफ्टचं १३०० सीसीचं इंजिन आहे.

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण हा भाग माझ्या धंद्याजवळचा आहे.

स्विफ्ट भारतात २००५ मध्ये आली तेव्हा तिच्यात १२९८ सीसीचं इंजिन होतं, ताकद ८७ घोडे. हे काही नवं इंजिन नव्हतं. एस्टीममध्ये होतं तेच घराणं. २०१० मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि स्विफ्टला नवं १२०० सीसीचं इंजिन बसलं. रस्त्यावरची गाडी पुढे गेली, रेसिंगची गाडी जुन्या इंजिनावरच राहिली. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लेगसी सिस्टम म्हणतो. मीटिंगमध्ये या शब्दावर सगळे तोंड वाकडं करतात आणि पगार मात्र त्याच सिस्टममधून निघतो. कुणी हात लावत नाही, कारण ती चालते. तिच्यातले सगळे बग माहीत आहेत. नवी आणली तर पहिली दोन वर्षं नव्या बगांशी ओळख होण्यातच जातात.

रेसिंगमध्येही तेच. सगळ्यांची गाडी जुनी असेल तर जुनेपणाने कुणाचं नुकसान होत नाही. शर्यत कोण जिंकतो हे गाडीच्या वयावर ठरत नाही, गाड्यांमधल्या फरकावर ठरतं. आणि या इंजिनाचं नशीब असं की त्याचं घराणं जिप्सीमध्येही होतं, जी मारुती लष्करासाठी स्विफ्टच्या कितीतरी नंतरपर्यंत बनवत राहिली. मिरजेत किंवा कराडात आजही गॅरेजवर विचारा, हे इंजिन डोळे झाकून उघडणारा मिस्त्री भेटेल. जुनी गाडी ही तेव्हाची अडचण, आता सोय झाली. कारण ही आपल्याच देशातली जुनी आहे.

एलजीबी फॉर्म्युला फोर आजही जेके टायरच्या राष्ट्रीय स्पर्धेत पळते. नवख्यांसाठी वेगळी नोव्हिस कप असते, तीही याच गाड्यांवर. गाड्यांचे पुंजके वळणावर एकत्र शिरतात, आघाडी दर लॅपला बदलते. यूट्यूबवर एखादी शर्यत बघा, आवाज बंद केलात तरी चालेल. मुंबईची स्नेहा शर्मा ही व्यवसायाने वैमानिक, तीही या गाड्यांत उतरलीय.

आता दुसऱ्या प्रकारच्या जुन्या गाड्या. त्यांची गोष्ट निराळी आणि जरा नाट्यमय आहे.

बीएमडब्ल्यूने २०००च्या आसपास तरुण चालकांसाठी फॉर्म्युला बीएमडब्ल्यू नावाची मालिका चालवली. २००२ पासून त्यासाठी एफबी-०२ नावाची गाडी होती. चासी फ्रान्सच्या मिगाल कंपनीची, इंजिन बीएमडब्ल्यूच्या के-१२०० मोटारसायकलचं, चार सिलिंडर, १४० घोडे. वजन पाचशे किलोच्या आत. कार्बन फायबरची टब, पुढे-मागे विंग, म्हणजे छोटी फॉर्म्युला वनच. जर्मनीत २००२ मध्ये निको रॉसबर्गने ही मालिका जिंकली. २००४ मध्ये सेबास्टियन फेटेलने २० पैकी १८ शर्यती जिंकल्या. वाचून बघा पुन्हा, २० पैकी १८.

आशियातही ही मालिका होती. मग बीएमडब्ल्यूने फॉर्म्युला वन सोडलं आणि या पायाभूत मालिकांतूनही हळूहळू अंग काढून घेतलं. आशियातली मालिका जेके टायरने उचलली आणि २०११ मध्ये ती जेके रेसिंग एशिया सीरिज झाली. ३० ऑक्टोबर २०११ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारताची पहिली फॉर्म्युला वन ग्रां प्री झाली. जिंकला कोण? फेटेल. आणि त्याच शनिवार-रविवारी त्याच ट्रॅकवर मुख्य शर्यतीच्या आधीच्या शर्यतींत कुठल्या गाड्या होत्या? ज्या जातीच्या गाडीत तो सात वर्षांपूर्वी २० पैकी १८ जिंकला होता, त्याच.

स्टॅण्डमध्ये बसलेल्या हजारो लोकांपैकी कितीजणांच्या हे लक्षात आलं असेल? मैदानात फॉर्म्युला वनचा आवाज घुमत असताना मोटारसायकलच्या इंजिनवाल्या छोट्या गाड्या कोण बघतो. पण पुढे झालं असं की ग्रां प्री तीन वर्षं टिकली, २०११ ते २०१३. उत्तर प्रदेश सरकारने तिला खेळ न मानता करमणूक मानलं, कर, कस्टम, कोर्ट, आणि शर्यत कॅलेंडरमधून गेली. छोट्या गाड्या मात्र राहिल्या. एशिया सीरिज २०१२ नंतर थांबली, पण गाड्या भारतातच होत्या. त्यांच्यावर जेके रेसिंग इंडिया सीरिज चालली, पुढे तीच युरो जेके या नावाने राष्ट्रीय स्पर्धेतला वरचा वर्ग झाली. २००२ची रचना, दहा-पंधरा वर्षांनंतर कोइमतूर आणि नोएडामध्ये जोरात. बडोद्याची मीरा एर्डा विशीच्या आतच या गाड्यांत मुलांबरोबर शर्यती लावत होती.

युरोपात जी गाडी २०१०च्या आसपास रिटायर झाली ती इथे राष्ट्रीय अजिंक्यपद ठरवत होती, याची टिंगल व्हायची. टिंगल करणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की पर्याय काय होता? नवी गाडी घेतली असती तर फी दुप्पट-तिप्पट झाली असती आणि मैदानात सहा गाड्या उरल्या असत्या. शोलावरमचेच दिवस पुन्हा, फक्त धावपट्टी गुळगुळीत.

पण एक आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. सुरक्षितता. रेसिंगमध्ये दर दशकात सुरक्षेचं ज्ञान वाढतं आणि ते नव्या गाडीत जातं, जुन्या गाडीत मागून घालता येतंच असं नाही. डोक्यावरची हेलो कमान २०१८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आली, मग खाली झिरपली. त्याआधी बांधलेल्या गाड्यांत ती नसते, आणि पोलादी नळ्यांच्या सांगाड्याला ती जोडायची म्हटलं तर सांगाडाच बदलावा लागेल. जानेवारी २०२३ मध्ये मद्रासच्या ट्रॅकवर के. ई. कुमार या ५९ वर्षांच्या अनुभवी चालकाचा शर्यतीत अपघाती मृत्यू झाला. ती सलून गाड्यांची शर्यत होती, सिंगल-सीटरची नाही. तरी मुद्दा तोच: ओळखीचा ट्रॅक, अनुभवी माणूस, आणि तरीही. स्वस्त आणि सुरक्षित या दोन्हींत ओढाताण आहे. स्वस्तपणाची बाजू मी घेतोय, पण घरातलं पोर त्या गाडीत बसणार असेल तर मी आधी चेकलिस्ट मागेन आणि मग टाळ्या वाजवेन.

आता आपल्या भागाकडे या.

कोइमतूरचं वर्णन काय? गिरण्या, पंप, फाउंड्री, लेथवर बसलेली दुसरी-तिसरी पिढी, आणि मोडलेलं काहीही दुरुस्त करायची खाज. हे वाचून कोल्हापूर डोळ्यांसमोर येत नसेल तर शिरोलीतून एक चक्कर मारा. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० पासून उभी आहे. साताऱ्यात कूपर १९२२ पासून, आधी नांगर आणि मग डिझेल इंजिनं. त्याच साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर निघायची, आणि ती स्कूटर कितीजणांच्या लग्नात सजून उभी होती हे तुमच्या घरच्या अल्बममध्ये बघा. देशभरातल्या गाड्यांच्या इंजिनांचं कास्टिंग आपल्या पट्ट्यात होतं. ओतकाम आपलं, मशिनिंग आपलं. मग फॉर्म्युला मारुती इथे का नाही बांधली गेली?

मी यावर बराच विचार केलाय आणि मला पटलेलं उत्तर असं: कौशल्य दोन्हीकडे होतं, मैदान एकीकडेच होतं. मद्रासला क्लब होता, शोलावरम होतं. बांधलेली गाडी पळवायला जागा होती, हरवायला समोर माणसं होती. कोइमतूरचा माणूस रात्रीत मद्रासला पोहोचायचा. आपल्याकडे गाडी बांधून नेणार कुठे? पुण्या-मुंबईकडे कायमचा ट्रॅक नव्हता, जुहूच्या शर्यती केव्हाच बंद पडलेल्या. लोखंडाची हौस आपण कशात भागवली? ट्रॅक्टरमध्ये, ट्रॉलीमध्ये, उसाच्या रसवंतीच्या इंजिनात. वेगाची हौस बैलगाड्यात. त्यात काही कमीपणा नाही. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतली शर्यत ज्याने बघितलीय त्याला वेग म्हणजे काय हे माहीत आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीने ती हौस थांबली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, आणि आता सांगली जिल्ह्यात बक्षिसाला थार लावतात. जिंकणाऱ्याला बैल पळवून चार चाकं मिळतात. हा विनोद माझा नाही, परिस्थितीचा आहे.

दुसरा भाग माणसाचा. कोइमतूरला करिवर्धन होते, नंतर विजयकुमार. एखादं घर वेडं व्हावं लागतं. आणि नेमकं हेच कोल्हापुरात उशिरा का होईना झालं. मोहिते घराण्याने कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक बांधला, मोहिते रेसिंग अकादमी, आणि राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे व्हायला लागल्या. कार्ट म्हणजे लॉनमोवरसारखं इंजिन लावलेलं खेळणं वाटेल, पण शूमाकरपासून हॅमिल्टनपर्यंत सगळे तिथूनच आलेत. ट्रॅक झाला आणि पाठोपाठ नावं दिसायला लागली. ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी, कृष्णराज महाडिक. चित्तेश एलजीबी फॉर्म्युला फोरमध्ये उतरला. कृष्णराज पुढे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. एका शहरातून थोड्या वर्षांत एवढी नावं, हा योगायोग नाही. ट्रॅक जवळ असला की शनिवारी जाता येतं. ट्रॅक शेकडो किलोमीटरवर असला की फक्त बोलता येतं.

खरी अडचण अजून आहेच, पैशाची. ही नावं बघितली तर बहुतेक मागे घराणं किंवा उद्योग आहे. जुन्या गाड्यांनी शर्यतीतली विषमता कमी केली, पण दारातली नाही. मैदानात एकदा शिरलात की गाडी सगळ्यांची सारखी. शिरायलाच हेल्मेट, सूट, लायसन्स, टायर, कोइमतूरच्या वाऱ्या, आणि अपघात झाला तर दुरुस्ती, हे सगळं लागतं. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला एक चांगला हंगाम परवडेल कदाचित, दुसरा नाही. त्याच्या बागेत काम करणाऱ्याच्या पोराचा तर प्रश्नच येत नाही. "बापाच्या पैशाने वेग विकत घेता येत नाही" असं मी वर म्हटलं, ते खरं आहे. प्रवेश मात्र घ्यावा लागतो.

आपल्या भागातल्या पोरांसाठी एक दार मात्र उघडं झालंय, आणि ते चालकाचं नाही, इंजिनिअरचं आहे. बाहा स्पर्धा भारतात २००७ पासून होते. त्यात कॉलेजची टीम खडबडीत रस्त्याची गाडी बांधते, आणि बरीच वर्षं इंजिनवाल्या गाड्यांना इंजिन एकच असायचं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं दहा घोड्यांचं. पुन्हा तेच तत्त्व, करिवर्धन यांचंच. सांगली, कराड, इस्लामपूरकडच्या पोरांनी या स्पर्धांसाठी रात्र रात्र वर्कशॉपात काढल्यात. मी कोड लिहिणाऱ्यांतला, पण हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत चासीच्या नळ्या झोपायच्या आणि पोरं जमिनीवर. त्याच्या पुढची पायरी म्हणजे फॉर्म्युला भारत. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या सिंगल-सीटर गाड्यांची स्पर्धा. ती कुठे होते माहितीये? कोइमतूरला, करी मोटर स्पीडवेवर.

म्हणजे ज्याने कोइमतूरच्या वर्कशॉपात मारुतीचं इंजिन उचलून मागे ठेवलं, त्याच्या नावाच्या ट्रॅकवर आता देशभरातली पोरं स्वतः वेल्ड केलेल्या गाड्या घेऊन येतात. इथे बापाचा उद्योग लागत नाही, पंचवीस जणांची टीम आणि एक समजूतदार वर्कशॉप इन्स्ट्रक्टर लागतो. यातली बरीच पोरं पुढे पुण्यात चाकण-पिंपरीला गाड्यांच्या कंपन्यांत लागतात. शर्यत लावणारे थोडे, गाडी समजणारे पुष्कळ, हे प्रमाण मला वाईट वाटत नाही.

शेवटी आजचं चित्र. २०२३ मध्ये भारतात अधिकृत फॉर्म्युला फोर मालिका सुरू झाली. गाड्या नव्या, हेलोवाल्या, पुन्हा मिगालच्याच. ऑगस्ट २०२४ अखेरीस चेन्नईच्या रस्त्यांवर रात्री दिव्यांच्या उजेडात शर्यत झाली, टीव्हीवर झकास दिसली. इंडियन रेसिंग लीगमध्ये शहरांच्या नावाचे संघ आहेत, गोव्याचाही आहे. यातून एखादा खरंच वर जाईल, आणि जावा. पण त्याच वर्षांत कोइमतूरला एलजीबीच्या गाड्याही पळत होत्या, तेच १३०० सीसीचं इंजिन, मैदान भरलेलं. तिथे विशीतला पोरगा आणि त्याच्या दुप्पट वयाचा हौशी एकाच वळणावर एकमेकांच्या आरशात दिसतात.

कोल्हापूरचा ट्रॅक कुणी बघितला असेल, किंवा शोलावरमला गेलेले कुणी काका-आजोबा घरात असतील, तर त्यांच्याकडचे फोटो आणि आठवणी पाठवा. पुढच्या भागात जुहूच्या धावपट्टीकडे जायचंय, त्यासाठी लागतील.